ती चाल पारंपरिक नव्हती

हिरामण, तू माझ्यावर एकदाही ओरडला नाहीस, याचा मला आता राग येतो. ऑर्केस्ट्रात तू सगळ्यांवर ओरडायचास. माइकवाल्यावर, उशिरा येणाऱ्या गायकावर, आणि ड्रमच्या मागे बसलेल्या फ्रान्सिसवर तर दर कार्यक्रमाला. माझ्याकडे वळलास की आवाज खाली यायचा. "बाय, जरा हलू वाजव ना." बस. एकदा तरी ओरडायचं होतंस रे. मग मलाही चिडून सांगून टाकता आलं असतं, जे मी बारा वर्षं पोटात ठेवलं.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. कल्याणच्या आमच्या घरात दुपारचे अडीच वाजलेत. सासूबाईंना भरवून झालं, कूस बदलून दिली, त्यांचा डोळा लागलाय. आता तासभर माझा. या घरात मला एका वेळी एवढंच मिळतं, म्हणून हे तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. मध्येच सोडून उठले तर समजून घे.

आपली पहिली भेट तुला आठवायची का? डोंबिवलीतल्या गणपतीचा कार्यक्रम होता, नेहमीचा मेंडोलिनवाला आला नाही, म्हणून कुणीतरी बाळकुमहून तुला आणलं. मी तेव्हा ठाण्यात एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचे. पेटी शिकलेली ब्राह्मणाची मुलगी ऑर्केस्ट्रात वाजवते, यावरून आमच्या घरात रोज धुसफूस. तू आलास तो बायकोच्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून. सोडलंस तर आत लाकडी खोकं, वर तारा आणि डाव्या हाताला बटणांची रांग. आम्ही त्याला बुलबुलतरंग म्हणायचो. तुमच्या आगरी लग्नांत त्यालाच बेंजो म्हणतात, हे मला तू सांगितलंस.

मी म्हटलं, "हे तर माझ्या टाइपरायटरसारखंच दिसतंय."

"मंग मना येक पत्र लिव," तू म्हणालास आणि वायर लावलीस.

त्या दिवशी तू जे वाजवलंस ते सिनेमाचंच गाणं होतं. पण दुसऱ्या कडव्याआधीच्या तुकड्यात तू बटण पुरतं दाबलंच नाहीस. अर्धं दाबून सोडलंस. सूर घशात अडकल्यासारखा आला आणि मग एकदम सुटला. मी ऑर्गनवर पुढची पट्टी धरायची विसरले. मागून फ्रान्सिसनं काठी हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं एकाच क्षणी तुझे झालो म्हण ना.

फ्रान्सिसचं घर ठाण्यात, तलावापासून जवळ. त्याचा मामा मोठमोठ्या हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवायचा. त्यानं आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली. जॅझचा सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार, सतार आणि तबला. कुणी घेतली नाही. मामा वारला आणि न खपलेल्या रेकॉर्डींचा ढीग फ्रान्सिसच्या पलंगाखाली आला. रविवारी दुपारी आपण तिघं तिथे जमायचो. फ्रान्सिसची आई बोंबलाचं कालवण करायची, मी खाणार नाही म्हणून माझ्यासाठी वेगळं ऑम्लेट. मग फ्रान्सिस पलंगाखालून एक रेकॉर्ड काढायचा, जणू आज नवीनच आणली.

आजवर एवढं ऐकलं, पण त्या रेकॉर्डइतकं धिटाईचं काही ऐकलं नाही. सतारवाला एका रागात निघायचा, मामा त्याच्या मागोमाग यायचा आणि मध्येच भलत्याच सुरावर थांबून राहायचा. चुकला असं वाटायचं. मग गिटारवाला खालून असे दोन-तीन सूर एकत्र द्यायचा की चुकलेला सूर बरोबर ठरायचा. चौघांनी एकमेकांना सांभाळून घेतलेलं ऐकू यायचं. अशा लोकांची नावं कोण लक्षात ठेवतं? हॉटेलात लोक जेवत असताना वाजवलं, सिनेमाच्या गाण्यात चार मात्रांचा तुकडा वाजवून घरी गेले, संपलं.

तू मात्र ठेवायचास. तुला इंग्रजी वाचता येत नसे. कव्हर पालथं करून माझ्यापुढे धरायचास. "कोन कोन हाय त्यानं, समदी वाच." मी वाचायची. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, तंबोरा वाजवणाऱ्या बाईचं नाव होतं. रेकॉर्डमध्ये तंबोरा नीट ऐकूही येत नाही. मी ते नाव गाळलं, तर तू बोट ठेवलंस. "आनि यी कोन?"

"तंबोरेवाली आहे. ती काही ऐकू येत नाही."

"नसल येत. पन ती हाय ना तिथं? नाव वाच तिचा."

मी वाचलं. तू मान हलवलीस, देवळात हलवावी तशी. हिरामण, ही आठवण लिहिताना माझा हात थांबतोय. का ते तुला पुढे कळेलच. कदाचित आधीच कळलं असेल.

त्या खोलीतच आपला तुकडा जुळला. तू एक चाल आणलीस. आज्याबरोबर मिठागरावर जायचास तेव्हा मीठ ओढताना फावड्याचा जो आवाज येतो, त्याच्यावरून सुचली म्हणालास. सात मात्रांची होती. सहापर्यंत सरळ जायची आणि सातव्याला पाय उचललेलाच राहायचा. फ्रान्सिस म्हणाला, "आठ कर, सोपं पडेल." तू म्हणालास, "आठ केला तं मीठ सांडल." आपण त्या तुकड्याला नावच दिलं नाही. फ्रान्सिसनं टेपच्या डबीवर मार्करनं 'सात' लिहिलं, तेच राहिलं.

रेकॉर्डिंग डोंबिवलीत झालं, एका इमारतीच्या तळघरात. भक्तिगीतांच्या कॅसेटी भरणारा स्टुडिओ. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येई. तीन वेळा वाजवलं. तिसरी वेळ खरी. अकरा मिनिटं. काल मी ती कॅसेट ट्रंकेतून काढून, आवाज अगदी बारीक करून ऐकली. किती वर्षांनी ऐकत होते सांगू? श्रीकांतशी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

सुरुवातीला तू एकटाच आहेस. सैल ठेवलेली ती तार झिणझिणते आहे. मी डाव्या हातानं दोनच सूर धरून ठेवलेत, त्यांतून हलत नाही, आणि तू त्या दोन सुरांच्या मधल्या जागेत कुठे कुठे जाऊन येतोस. पाचव्या मिनिटाला फ्रान्सिस काठ्या टाकून नुसत्या बोटांनी वाजवतो. सातव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली, ती टेपवर आली आहे. तू शिटीच्या सुरावर बोट ठेवलंस आणि तिथून एक नवीन ओळ काढलीस. तेव्हा आम्हाला हसू आवरेना, टेपवर माझं हसणं आहे. पण काल मी हसले नाही. काल मला वाटलं, हा माणूस काय होता! समोर येईल ते घेऊन त्याचं गाणं करायचा. आणि आपण त्याचं काय केलं.

सासूबाई हाक मारतायत. आले.

आता दुसरा दिवस. काल परत बसता आलं नाही.

ती टेप घेऊन आपण कॅसेट काढणाऱ्या एका शेठकडे गेलो होतो. त्यानं दोन मिनिटं ऐकली. "यावर नाचणार कोण? हळदीचं काही आहे का?" मग टेप पुढे पळवली आणि नेमकी तुझी चाल आली, आठदहा सुरांचीच. "ही चांगली आहे. याला शब्द टाका. हळदीचं गाणं करा. सीझन आलाय."

तू उठून उभाच राहिलास. बाहेर येऊन रस्त्यावर आपलं भांडण झालं, आठवतं?

मी म्हणत होते, "अरे, शब्द बसतील रे. एकदा कॅसेट निघू दे. दुसऱ्या बाजूला आपला अख्खा तुकडा टाकायला लावू."

"त्यो टाकनार नाय."

"मी बोलते त्याच्याशी."

"बाय, तुना घाई कनाची झाली?"

माझं लग्न ठरलं होतं. वैशाखातला मुहूर्त होता. मुलाकडच्यांनी आधीच सांगितलं होतं की ऑर्केस्ट्रा-बिर्केस्ट्रा आता पुरे. माझ्याकडे दीड महिना होता. जायच्या आधी ती वस्तू हातात हवी होती, कव्हरच्या मागे आपली तिघांची नावं छापलेली. पुढे कधी कुणी विचारलं तर दाखवायला. मी हे तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? बहुतेक हो म्हणाला असतास. पण मला सांगायचीही लाज वाटली. तुम्हा दोघांसमोर मी कुणी वेगळीच होते, घरी बांधलेली मुलगी नव्हते.

पुढचं नीट ऐक. शेठ मला म्हणाला, "संगीतकाराचं नाव टाकायचं तर त्याची सही लागेल, कागदपत्रं होतील, सीझन निघून जाईल. पारंपरिक लिहून द्या, शनिवारपर्यंत कागद आणा, कॅसेट पंधरा दिवसांत बाजारात. दुसऱ्या बाजूला तुमचं ते लांबलचकही टाकतो." तू सही करायला तयार नव्हतास. आठवडाभर आला नाहीस, फ्रान्सिसकडेही नाही.

शनिवारी सकाळी ऑफिसात साहेब यायच्या आधी मी मशीनवर कागद चढवला. गाण्याचं नाव. शब्द, शेठनं दिलेल्या माणसाचं नाव. चाल. तिथे मी 'पारंपरिक' टाइप केलं. एक शब्द. मशीनची घंटी वाजली, ओळ संपली. मी खाली सही केली, वाद्यवृंदातर्फे.

शेठनं तुला फसवलं असं तू सगळ्यांना सांगायचास, हे मला फ्रान्सिसनं नंतर सांगितलं. त्यानं दुसरी बाजू टाकली नाही, हे खरं. पण तो शब्द त्याचा नव्हता, हिरामण. माझा होता.

कॅसेट निघाली तेव्हा मी माझ्या हळदीला बसले होते. डोंबिवली ते कल्याण म्हणजे मध्ये ठाकुर्ली, बस, एवढंच अंतर. दोन स्टेशनं. पण तिथून मागे यायला मला जमलं नाही. श्रीकांत वाईट माणूस नाही. त्यानं कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला विचारायचा, "कशाला?" ठाण्याला जायचंय. कशाला? पेटी आणायची म्हणते. कशाला? मग नोकरी सुटली, मुलगी झाली, सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. कुणी दार लावलं नाही रे. दार उघडंच होतं. पण मी बाहेर पडले तर आत कुणीतरी पाण्यावाचून राहणार, हे नेहमीचं.

आणि तू? तू तर माझ्याहून घट्ट अडकलास. ते गाणं इतकं चाललं की बाळकुमपासून शहाडपर्यंत हळद त्याच्याशिवाय लागेना. सातव्या मात्रेवर उचललेला पाय कुणाला नको होता. कॅसेटमध्ये आठ करून टाकली, ढोलकी घातली, सगळे नाचायला मोकळे. आणि हळदी-वरातींत बेंजोवर तेच वाजवायला पुन्हा तूच.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते आमच्या गल्लीतून एक वरात गेली तेव्हा. दुपारचे चार वाजले असतील. सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं होतं. खालून आवाज आला आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं, हे किती जुनं गाणं! आमच्या लहानपणी असायचं हो हे."

त्यांच्या लहानपणी! मी हातातला वाडगा ठेवून गॅलरीत आले. उघड्या ट्रकवर वाजवणाऱ्यांची पार्टी बसली होती. मध्ये तू. केस मागे गेलेले, अंगावर पार्टीचा लाल चकचकीत शर्ट. तुझे डोळे कुठेच नव्हते. बोटं आपली आपण वाजवत होती. मी हाक मारली नाही. हाक मारून काय म्हणणार होते, दुसऱ्या मजल्यावरून? पण तू वर पाहिलंस. का पाहिलंस कोण जाणे.

आणि तू सात वाजवलेस. तीन आवर्तनं. ढोलकीवाला गडबडला, नाचणारी माणसं एकमेकांच्या पायांवर पडली. नवरदेवाचा कुणी काका ओरडला, "अरं ए बेंजो! झोपलास काय रं?" तू मान खाली घातलीस आणि परत आठावर गेलास. ट्रक कोपऱ्यावरून वळला. सासूबाई म्हणाल्या, "मध्येच बिघडलं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तू घरी आलास. खालच्या वाण्याला विचारून पत्ता काढलास. आत जाऊन सासूबाईंना वाकून नमस्कार केलास, मग बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलास. त्यांना मी सांगितलं, ऑफिसातले आहेत. तेही खोटंच.

"बाय, मी अडकलो," तू म्हणालास. सरळ तेच, कसं चाललंय वगैरे काही नाही. "गावान कोनाचीबी हलद असू दे, योच वाजव. नाय बोललो तं बोलतान, हिरामन मोठा झाला. माजे सख्खे चुलत्यानं मना सांगला, यो गाना तुजे जन्माच्या आदीपासून हाय. मी बोललो, काका, यो मी केलेला हाय. तं त्यो हसाय लागला. समदी हसली. आता मी बोलतच नाय."

"मग सोडून दे ना वाजवणं. तुमच्या जमिनीवर इमारती झाल्या. भाऊ तुला दुकान घालून देतो म्हणाला होता."

तू आतल्या खोलीकडे पाहिलंस, जिथे सासूबाई खोकत होत्या. "तू सोर तुजा सैपाक. मंग मी सोरतो."

मला राग आला. मी म्हटलं, ते वेगळं. तू म्हणालास, वेगला कसा? त्यावर आपण पाच मिनिटं हळू आवाजात भांडलो, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. तो वाद तसाच राहिला. मी अजून मनात त्याची उत्तरं तयार करते. दर वेळी तूच जिंकतोस.

मग तू म्हणालास, "त्या सेठला येकदा इचारायचा हाय. पारंपरिक कनाला लिवलास?"

मी चहा टाकायला आत गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. ओट्यापाशी उभी राहून मी शब्द जुळवत होते. हिरामण, ते मी लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. चहा उतू गेला, मी ओटा पुसला, परत पाणी ठेवलं. बाहेर आले तेव्हा कपात चहा होता आणि तोंडात काही नव्हतं. तू चहा प्यालास, "बरा झाला तू भेटलीस" म्हणालास आणि गेलास.

त्यानंतर तू एकदम दिसलास तो ठाण्यातल्या इस्पितळात. फ्रान्सिस तोवर मस्कतला गेला होता, त्यानं तिकडून फोन करून सांगितलं की तुझी साखर फार वाढली आहे, पायाला जखम आहे, बोटांची जाणीव गेली आहे. मी श्रीकांतला म्हटलं, माझ्या जुन्या ऑफिसातली एक बाई आजारी आहे. बघ, किती सवय झाली होती मला.

तुझी बायको कांता स्टुलावर बसली होती. मला जागा देऊन ती खाली औषध आणायला गेली. तू बोटं चादरीवर ठेवली होतीस. "आता लागतच नाय काय," तू म्हणालास. "तार हाय का बटन, कल्त नाय." मी तुझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला. गार होता आणि बोटांच्या टोकांवर अजून घट्टे होते.

"त्या गाण्याचा रावदे," तू आपणहून बोलायला लागलास. "पोरां बोलतान जुना हाय. जुना झाला म्हंजे आता मरनार नाय. मी मरन."

"असं नाही रे. नाव असायला हवं होतं तुझं."

"हां." चादरीवरून बोटं फिरवलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "पन सेठला कागद कोनी दिला आसल?"

हिरामण, तुला माहीत होतं का?

मी या सोळा दिवसांत हे वाक्य हजार वेळा ऐकलं आहे. कधी वाटतं, तू सहज बोललास. कधी वाटतं, तू दार उघडून धरलं होतंस, मी नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मी काय केलं? घड्याळ पाहिलं. भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटं पुरेशी होती. मी म्हटलं, "उद्या येते. उद्या निवांत बोलू."

"ये," तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ताप आला. तिसऱ्या दिवशीही ताप होता. हे खरं आहे. पण ताप नसता तरी मी गेले असते का, हे मला माहीत नाही, हेही खरंच. चौथ्या दिवशी फ्रान्सिसचा फोन आला. आमचा फोन सासूबाईंच्या उशाशी असतो. मला रडताही आलं नाही. मी "बरं, बरं" म्हणत राहिले.

मग मी वेड्यासारखी त्या शेठच्या दुकानी गेले. वाटलं, निदान आता तरी दुरुस्त करून घेऊ. दुकान नव्हतंच. तिथे झेरॉक्सचं मशीन आहे आणि शेठ कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही. कल्याण स्टेशनाबाहेरच्या कॅसेटवाल्याकडे हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी पालथ्या करून पाहिल्या. तुझी चाल कितीतरी जणांनी घेतली आहे. वेगळे गायक, वेगळे शब्द. सगळ्यांवर तोच शब्द. एकाचं बघून दुसऱ्यानं छापलं असणार. मी एकदा टाइप केलं, ते आता कुठून कुठून पुसू?

बाराव्याला बाळकुमला आले. तुझ्या गावाला मी कधी आलेच नव्हते. मिठागर कुठे होतं ते विचारलं तर एका पोरीनं इमारतींच्या मागे हात दाखवला. मांडवात बायका बसल्या होत्या. कांतानं मला ओळखलं. "बाजेवाली बाय ना तू?" म्हणाली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. तुझा बेंजो भिंतीला टेकवून ठेवला होता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. शेठ, शनिवार, कागद, सही. माझं लग्न, माझी घाई. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा मी रडत होते आणि तिचे डोळे कोरडे होते.

"यो मना कनाला सांगतस?" ती म्हणाली.

मी भिंतीला टेकवलेल्या बेंजोकडे पाहिलं.

"मी त्याची बायको हाय. मी त्यो नाय. त्याला सांगायचा होता."

"मला माफ—"

"मना तुना माफ करता येनार नाय. माजा गाना नाय त्यो." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "बारा वर्सां घरान येऊन जेवायचा नाय. हलद वाजवून यायचा नि भिंतीकडं तोंड करून परायचा. मना वाटायचा, माजाच काय चुकतंय."

मी जायला निघाले. तिनं दंड धरला. "आज उपाशी जायाचा नसतो. बस."

मी पंगतीत बसले. तिनंच वाढलं. भात, वालाचं बिरडं, वडे. मी संपवेपर्यंत ती पुढ्यातून हलली नाही. पानावरून उठताना म्हणाली, "त्यो आख्खा गाना, अकरा मिन्टांचा. तुजेकडं हाय?"

"आहे."

"मी ऐकला नाय कवा. त्यानं त्याजी कॅसेट खाडीन टाकली. तू घेऊन ये रविवारी. माजी पोरां आसतील, जावा आसतील, त्यो चुलताबी आसल. लाव सगल्यांच्या म्होरं. पन आदी उभी रा नि सांग, यो कोनी केला नि त्याजा नाव कोनी खाल्ला. मंग लाव."

मी हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

आज शुक्रवार आहे. काल श्रीकांतला सगळं सांगितलं, ऑफिसातली आजारी बाई कोण होती तेही. त्यानं बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, घातली. मग म्हणाला, "एका शब्दासाठी एवढं?" मी म्हटलं, "हो, एका शब्दासाठी." मला वाटलं आता "कशाला" येणार. तो म्हणाला, "रविवारी आईकडे कोण बघणार?"

"तुम्ही."

"किती वाजता येशील परत?"

मला तुझ्या चुलत्याची भीती वाटते, हिरामण. तुझ्या मुलांची तर फारच. ती मला घरातून हाकलून देतील, कदाचित ऐकूनच घेणार नाहीत, म्हणतील हे गाणं जुनंच आहे, ही बाई वेडी आहे. तुझ्यासमोर दहा मिनिटं होती आणि मी घड्याळ पाहिलं. आता तुझ्या माणसांसमोर बोलायचं आहे आणि तू तिथे नसशील.

"माहीत नाही," मी श्रीकांतला म्हटलं. "झालं की येईन."